पाडवा ते पाडवा : गोधडी, सूत आणि लोकर



गेल्या गुढीपाडव्याला आपण या पानावर एक बेत केला होता, आठवतोय ना? वर्षभरात स्वतःच्या हातांनी तीन गोष्टी करायच्या. एक गोधडी शिवायची, एक गुंडी सूत कातायचं आणि लोकरीचं काहीतरी अंगावर घालण्याजोगं विणायचं. यंत्राला हात लावायचा नाही. पाडवा पुन्हा आला, तेव्हा आज हिशेब देण्याचा दिवस!

मध्यंतरी तुमची पत्रं येत होती. "मावशी, गोधडी झाली का?" "टकळी कुठे मिळते?" एका बाबांनी मात्र वेगळंच विचारलं. बाजारात हे सगळं तयार आणि स्वस्त मिळत असताना मुलांचा वेळ यात कशाला घालवायचा, असा त्यांचा सवाल होता. सवाल रास्त आहे. त्याचं उत्तर मी आकड्यांत देणार आहे, पण जरा दमानं. आधी गोधडी.

गोधडी शिवायची ती चैत्र-वैशाखातच. शेतातली कामं थोडी हलकी झालेली असतात, ऊन कडक असतं, पाऊस यायच्या आत घरातलं पांघरूण तयार करून ठेवायचं असतं. सातारा-कोल्हापूरकडे हिलाच वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवलं की ते दुपटं. बंगालात जुन्या साड्यांचा कांथा होतो, बिहारात सुजनी. आपल्या शेजारी कर्नाटकात, हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी. कवंदीच्या चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची छोटी फुलं लावतात. फुलं लावल्याशिवाय कवंदी उघडी राहिली असं त्या मानतात. पद्धत थेट आपल्यासारखी : कडेपासून सुरुवात करायची, चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं आणि मधोमध संपवायचं.

आता आमच्या गोधडीची गोष्ट. आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक आजी होत्या. माघात त्या गेल्या. त्यांच्या कपाटात अकरा नऊवारी लुगडी निघाली. चार अगदी विरलेली, बाकीची बऱ्यापैकी. त्यांची नात नववीत. माझा बेत तिला ठाऊक होता. एके दिवशी ती लुगड्यांचा गठ्ठा घेऊन वर आली खरी, पण गठ्ठा काही हातातून सोडेना.

"मावशी, गोधडी करू या. पण ही फाडायची नाहीत हं."

आता काय म्हणायचं? न फाडता गोधडी करायची कशी? आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या एक मावशी आहेत, साताऱ्याकडच्या. वाकळ शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्या दारात पाटी टेकवून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "आगं पोरी, पेटीत ठिवलेलं लुगडं कसर खाती. फाडशील तर अंगावर तरी घेशील." आणि भाजीचे पैसे घेऊन निघून गेल्या.

नातीनं दोन दिवस विचार केला. मग तिनं स्वतःच निवाडा केला : एक हिरवं इरकली अख्खं ठेवायचं, बाकीची चांगली लुगडी आजींच्या मुला-सुनांत वाटायची आणि विरलेली चार फाडायची. पहिलं लुगडं फाडलं ते तिच्या बाबांनी. जुनं सुती कापड कात्रीनं कापायचं नसतं. दातानं एक चीर द्यायची आणि दोन हातांनी ओढायचं. मग ते सुताच्या रेषेत सरळ फाटत जातं. त्याचा जो टर्रर्र आवाज होतो ना, तो आला आणि खोलीतले आम्ही सगळे गप्प झालो. बाबा दुसऱ्या लुगड्याला हात घालायच्या आधी जरा गॅलरीत जाऊन आले.

एवढ्यात निरोप गेला तो नागपूरच्या आत्याला. आत्या म्हणजे आजींची थोरली लेक. तिचा फोन आला. "आईची लुगडी फाडलीत? मला न विचारता?" नातीचा चेहरा एवढासा झाला. काम आठवडाभर तसंच पडून राहिलं. खरं सांगते, आत्याचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. आईच्या वस्तूवर हक्क सगळ्यांचाच असतो, आणि फाटलेलं कापड पुन्हा अख्खं होत नाही.

मे महिन्यात आत्या स्वतःच आली. जमिनीवर पसरलेली अर्धी गोधडी पाहिली. खाली एक थर, मध्ये जुन्या धोतराचे आणि चादरींचे तुकडे, वर लुगड्यांचे चौकोन. कडा आत दुमडून कच्चे टाके घातलेले. ती काही बोलली नाही. पदर खोचला, एका कोपऱ्याला बसली आणि दुहेरी दोरा ओवून धावदोरा घालायला लागली. चार दिवस ती तो एकच कोपरा शिवत होती. आज ती गोधडी पाहिलीत तर आत्याचा कोपरा तुम्हाला लगेच ओळखू येईल. तिथले टाके सगळ्यांत बारीक आहेत. तिसऱ्या दिवशी तिला एका तुकड्यावर आजींनीच कधीतरी केलेलं रफू सापडलं. तो तुकडा उसवून तिनं वर घेतला, तोंडाशी येईल अशा जागी लावला. आणि तेव्हा कुठे ती भाचीला म्हणाली, "बघ गं, माझी आई कशी रफू करायची."

ती गोधडी आता फिरतीवर असते. गणपतीपर्यंत आत्याकडे, मग दिवाळीपर्यंत काकांकडे, थंडीत नातीकडे. पाळी कुणी चुकवत नाही, उलट एकदोन दिवस जास्त ठेवून घेण्यावरूनच कुरबुर चालते.

आता जरा गणित. वह्या काढा. आमची गोधडी दीड मीटर रुंद, दोन मीटर दहा सेंटिमीटर लांब. धावदोऱ्याच्या दोन ओळींत अंतर साधारण दोन सेंटिमीटर. १५० गुणिले २१० भागिले २. उत्तर १५,७५० सेंटिमीटर. म्हणजे दीडशे मीटरहून जास्त लांबीची ओळ कुणीतरी सुईनं चालून काढली. एक सेंटिमीटरला एक टाका धरला तर पावणेसोळा हजार टाके झाले. मिनिटाला २० टाके पडले, तर नुसते टाके घालायलाच तेरा तास लागले. त्यात कापड फाडणं, थर लावणं, दोरा ओवणं आणि मधला चहा धरलेला नाही!

गोधडी ऊब कशी देते माहीत आहे? कापड काही गरम नसतं. थरांच्या मध्ये हवा अडकून बसते आणि ती हवा आपल्या अंगाची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. म्हणून पाच पातळ थरांची गोधडी एका जाड चादरीला हरवते.

पाऊस सुरू झाला आणि मी टकळी हातात घेतली. पावसाळाच का? कोरड्या हवेत कापसाचं सूत फार तुटतं. दमट हवेत तंतू लवचीक राहतात. मुंबईत कापडगिरण्या आल्या त्यामागच्या कारणांत तिथली दमट हवा होती, हे भूगोलात शिकला असालच.

टकळी म्हणजे काय? पोलादाची एक काडी, खाली जड चकती, वर टोकाशी सुताला अडकवायची खाच. बस्स. ती भोवऱ्यासारखी फिरवायची आणि दुसऱ्या हातातल्या पेळूतून कापूस अलगद ओढायचा. पेळू म्हणजे सरकी काढून, पिंजून, वळलेली कापसाची लांबट वळकटी. एखादा मुलगा बडबड थांबवेना की आई म्हणते, "काय टकळी चालवलीय!" ते का, हे टकळी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. एकदा गती आली की ती खरंच थांबत नाही.

एक प्रयोग आत्ताच करून पाहा. कापसाचा बोटभर पुंजका घ्या आणि ओढा. सुटून आला ना? आता दुसरा पुंजका चिमटीत धरून एकाच दिशेनं पिळत पिळत ओढा. तो तुटता तुटणार नाही. कापसाचा एक तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो. तो म्हणजे सरकीच्या सालावर वाढलेली एकच एक पेशी. बोंड उकललं की ती वाळते, चपटी होते आणि तिला आपोआप पीळ पडतो. असे हजारो तंतू पिळून जवळ आणले की ते एकमेकांना घासून धरतात आणि आखूड तंतूंचा लांबच लांब धागा होतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. धाग्याचा सगळा जीव त्या पिळातच असतो.

ही युक्ती किती जुनी? मोहेंजोदडोला एका चांदीच्या भांड्याला चिकटलेला सुती कापडाचा तुकडा उत्खननात सापडला. तो चार हजार वर्षांहून जुना आहे. आणि तरीही, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी हातानं सूत कातणं जवळजवळ बंद पडलं होतं. गांधीजींनी हातमाग आणि चरख्याविषयी लिहायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी स्वतः चरखा पाहिलेलासुद्धा नव्हता! तसं त्यांनीच आत्मचरित्रात सांगितलंय. १९१७ साली भडोचला एका शिक्षण परिषदेत त्यांना गंगाबेन मजमुदार भेटल्या. चरखा शोधून काढायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. गुजरातभर हिंडल्या आणि बडोदा संस्थानातल्या विजापूरला त्यांना चरखे सापडले. कुठे? लोकांच्या माळ्यावर, अडगळीत! पेळू आणून दिले आणि सूत विकत घेतलं तर आम्ही कातू, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. गांधीजींचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, पण या बाईंचं नाव पाठ्यपुस्तकात ठळक छापायला हवं असं मला फार वाटतं.

पुढे १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत हातानं काम करत शिकायची कल्पना मांडली गेली आणि नई तालीमच्या शाळांतून मुलं टकळीवर सूत कातता कातता मोजणी, गुणाकार आणि वजनं शिकली. वर्ध्याला कधी गेलात तर मगन संग्रहालय जरूर पाहा. ते १९३८ साली सुरू झालं, आणि चरख्यांचे कितीतरी प्रकार तिथे पाहायला मिळतात.

आता माझी गुंडी. सूत चार फूट घेराच्या फाळक्यावर गुंडाळतात. एक वेढा म्हणजे एक तार. असे ६४० तार झाले की एक गुंडी. म्हणजे २,५६० फूट, सुमारे ७८० मीटर. टकळीवर माझा वेग तासाला ४० तार. एका गुंडीला १६ तास लागले. रोज संध्याकाळी अर्धा तास बसायची, तेव्हा महिन्याभरात गुंडी झाली. पेटीचरख्यावर सरावलेल्या माणसाचा हात माझ्या कितीतरी पट भरभर चालतो, हे सांगायला हवं.

आणि आता त्या बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. आजींचं एक लुगडं घ्या. लांबी ८ मीटर, रुंदी १ मीटर १० सेंटिमीटर. समजा, एका सेंटिमीटरला २० उभे आणि २० आडवे धागे आहेत. उभे धागे २,२००, प्रत्येकी ८ मीटर : १७,६०० मीटर. आडवे धागे १६,०००, प्रत्येकी १ मीटर १० सेंटिमीटर : तेही १७,६०० मीटर! बेरीज ३५,२०० मीटर. पस्तीस किलोमीटर! १८५३ साली आपल्याकडची पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, ते अंतर ३४ किलोमीटर. एका लुगड्यातला धागा उलगडून रुळांशेजारी टाकला तर तो बोरीबंदरहून ठाणं ओलांडून जाईल. एवढं सूत म्हणजे ४५ गुंड्या. माझ्या वेगानं कातायला ७२० तास लागतील. रोज आठ तास धरले तर ९० दिवस, आणि विणायचं अजून बाकीच!

आजींचं लुगडं काही टकळीवरच्या सुताचं नव्हतं, गिरणीच्या सुताचंच होतं. पण गिरण्या येण्याआधी शेकडो वर्षं माणसं कपडे घालतच होती ना? ते पस्तीस किलोमीटर कुणीतरी बसून कातलेले असत. बहुतेक बायकांनी, स्वयंपाक, पाणी, शेत, पोरंबाळं सगळं सांभाळून. लुगडं विरल्यावर त्याची गोधडी का करत, चिंधीसुद्धा का टाकत नसत, हे आता सांगायला नको. बाबा, तयार वस्तू घेऊ नका असं माझं मुळीच म्हणणं नाही. मीही घेते. पण तुमच्या मुलीला शर्टाच्या बाहीत किती किलोमीटर धागा आहे ते विचारून पाहा. या सदराची वाचक असेल तर ती पट्टी घेऊन धागे मोजायला बसेल.

लोकरीचं मात्र थोडक्यात सांगते, कारण ते काम मी एकटीनं केलं नाही. माझा भाचा आठवीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो त्याच्या आजीकडून सुयांवर टाके घालायला शिकला आणि मला मागे टाकून पुढे गेला. मी मफलर विणला, त्यानं कानटोपी. सुट्टी संपल्यावर तो शाळेच्या बसमध्ये विणायला बसला आणि मागून हसू आलं. "बायकांचं काम करतोय रे!" त्यानं घरी येऊन सुया कपाटात टाकल्या.

मी त्याला उपदेश केला नाही. फक्त दोनचार गोष्टी सांगितल्या. मध्ययुगात युरोपातल्या शहरांत विणकऱ्यांचे संघ असत आणि त्यांत पुरुषच असत. मोजे विणायचं पहिलं यंत्र इंग्लंडमध्ये १५८९ साली विल्यम ली नावाच्या माणसानं बनवलं. हिमाचलमधले गद्दी मेंढपाळ कळपामागे चालता चालता टकळीवर लोकर कातत. आपल्या धनगरांच्या घरातही लोकर कातणं चालत आलंय, त्याशिवाय का घोंगडी होते? आणि पुण्या-मुंबईच्या शिंपीकाकांना कुणी हसतं का?

त्याला पटलं ते वेगळ्याच गोष्टीनं. तो गणितातला. डायना तायमिना नावाच्या एक गणितज्ञ आहेत. १९९७ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांना विद्यार्थ्यांना एक अवघड पृष्ठभाग दाखवायचा होता. त्याला अतिपरवलयी म्हणतात, कोबीच्या पानाच्या कडेसारखा तो सगळीकडे चुरमडत जातो. कागदाचे नमुने पटकन फाटायचे. बाईंनी काय केलं? क्रोशाची सुई घेतली, दर ओळीत ठरावीक प्रमाणात टाके वाढवत नेले आणि तो पृष्ठभाग विणूनच काढला! भाच्यानं हे ऐकलं आणि सुया पुन्हा बाहेर आल्या. कानटोपीची नक्षी त्यानं आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून आखली. एक रंगवलेला चौकोन म्हणजे उलट टाका, कोरा म्हणजे सुलट. खरं तर दोन्ही एकच टाके, एक पुढून पाहिलेला आणि एक मागून. शाळेतले दोघंजण आता त्याच्याकडे शिकायला येतात. हसणारा त्यात आहे की नाही ते तो सांगत नाही.

विणलेली टोपी ताणली की ताणते आणि सोडली की पुन्हा आखडते, गोधडी तशी ताणत नाही. असं का? टोपी नीट पाहा. तिच्यात सगळे फासेच फासे आहेत, एकात एक अडकलेले. ओढलं की फासे लांबट होतात, सोडलं की गोल. आणि सगळी टोपी एकाच धाग्याची असल्यानं शेवटचं टोक सुटलं की सगळी उसवते. आमच्या लहानपणी आखूड झालेला स्वेटर असाच उसवून, लोकर धुऊन, वाळवून पुन्हा धाकट्यासाठी विणत.

आता टकळीविषयी. पुष्कळांनी विचारलंय, म्हणून घरी कशी करायची ते सांगते. एक लांब, न वापरलेली पेन्सिल घ्या. जाड पुठ्ठ्याच्या, साधारण सहा सेंटिमीटर व्यासाच्या तीन चकत्या एकमेकींवर डकवा. नेमका मध्यबिंदू कंपासानं काढा, नाहीतर टकळी डुगडुगेल. तिथे भोक पाडून पेन्सिल घाला, टोक दोन बोटं खाली राहू द्या. वरच्या टोकाशी मोठ्यांकडून ब्लेडनं एक खाच पाडून घ्या. टोक वाटीत टेकवून फिरवा. कापूस गादीवाल्या पिंजाऱ्याकडचा मिळाला तर उत्तम, नाहीतर औषधाच्या दुकानातला घ्या, पण त्याचे तंतू आखूड असतात, म्हणून जास्त पीळ द्या. पाठीच्या उंच खुर्चीभोवती सूत गुंडाळा, आधी खुर्चीचा घेर पट्टीनं मोजून ठेवा आणि चार फुटांना एक तार या हिशेबानं तासाभरात किती तार निघाले ते पत्रानं कळवा. माझा आकडा ४० आहे.

तुमची,
मावशी